नऊ मिनिटांची सायकल

ज्याला सायकलवर नीट बसता येत नाही तो आधी सायकल बदलतो. गेली एकवीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना तोंडावर सांगत आलोय, आणि एकवीस वर्षं आमचा मालक काउंटरमागून माझ्याकडे डोळे वटारून बघत आलाय. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ट्रायथलॉनवाल्यांवरूनच निघाली असावी असं माझं प्रामाणिक मत आहे. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, हा तिहेरी छळ माणसं वर प्रवेश फी भरून सोसतात. पोहायला एक चड्डी लागते, पळायला एक जोड बूट. हौसेनं पैसा ओतायला जागा उरते ती मधल्या सायकलीत, म्हणून सगळे तिथेच ओततात.

या सायकली तुम्ही पाहिल्या असतील. हँडलवर कोपरं टेकवून, नाक पुढच्या चाकाकडे करून त्यावर जवळजवळ पालथं पडायचं असतं. नळ्या सुरीच्या पात्यासारख्या चपट्या, केबली सगळ्या पोटात, पाण्याची बाटलीसुद्धा फ्रेममध्ये लपवलेली. किमतीत एक नवी चारचाकी येते, आणि चारचाकीला निदान छप्पर असतं. एवढे पैसे घालावेत का, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. आमच्या सायकल क्लबच्या मासिक पत्रकात माझं त्यावरच सदर आहे. क्लबातले लोक मला 'नको-भाऊ' म्हणतात, कारण दहातल्या नऊ वेळा माझा निकाल 'नको' असा असतो.

माझी पद्धत साधी आहे. दोन सायकली, एकच माणूस, एकच रस्ता. टायरमधली हवा सारखी. पायाचा जोर मोजणारी पेडल मिळतात, ती एका सायकलीची काढून दुसरीला लावायची आणि दोन्हीकडे जोर सारखाच ठेवायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बसणं सारखं ठेवायचं. वारा सायकलला फारसा अडवत नाही, तो माणसाला अडवतो. खांदे दोन बोटं आत आले, डोकं चार बोटं खाली गेलं, की माणूस जुन्या लोखंडावरही पळायला लागतो. म्हणून आधी टेप घेऊन दहा मापं काढायची, सीट किती उंच, किती पुढे, कोपरांचे पॅड किती जवळ, वगैरे, आणि ती दुसऱ्या सायकलीवर मिलिमीटरला मिलिमीटर जुळवायची. हे जुळवलं नाही तर तुम्ही सायकल तपासतच नाही, नुसतं बसणं तपासता.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कुणी म्हणू नये.

माझी धाकटी बहीण चिमणी. हे घरचं नाव. पाच फूट नऊ इंच उंचीच्या, अडतीस वर्षांच्या बाईला चिमणी म्हणताना नवखा माणूस हसतो, आम्हाला सवय झालीय. ती इस्पितळात डायलिसिस विभागात नर्स आहे आणि कायम रात्रपाळी करते. सकाळी सातला सुटते, घरी न जाता तलावावर पोहायला जाते, मग चार-पाच तास झोपते, मग सायकल. एकटी राहते. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं तर म्हणते, वेळ नव्हता. ते अगदी खरं आहे.

ती सगळ्यांत लांब पल्ल्याची शर्यत करते. पावणेचार किलोमीटर पोहणं, एकशे ऐंशी सायकल, बेचाळीस पळणं. वयोगटात पहिला येणाऱ्यालाच जागतिक स्पर्धेचं बोलावणं येतं. दुसऱ्याला टाळ्या. गेल्या वर्षी चिमणी दुसरी आली, चार मिनिटांनी. त्यानंतर गुडघा सुजला, फोटो काढले, आणि डॉक्टरांनी सांगितलं, कूर्चा संपत आलीय, अजून एक मोसम फार तर, मग पळणं विसरा. म्हणजे एकच शर्यत उरली होती.

वसंताच्या सुरुवातीला एका सकाळी ती पाळी संपवून थेट दुकानात आली. गालांवर मास्कचे वळ तसेच होते. मी मागच्या खोलीत एका चाकाचा बाक काढत होतो.

"दादा, हात थांबव जरा. विचारायचंय."

"हात चालू असताना मला ऐकू येतं."

"मी सहा वर्षं थोडे थोडे साठवलेत. त्यात दोन गोष्टींपैकी एक होते. एक तर तीन महिने बिनपगारी रजा घ्यायची. रात्री माणसासारखं झोपायचं, दिवसा तयारी करायची. नाहीतर ती पुढे काचेत ठेवलीय ना, ती सायकल."

मी चाक खाली ठेवलं. "चिमणे, तुला मी दहा वर्षं काय सांगतोय?"

"नको. माहितीय. तू सगळ्यांनाच नको म्हणतोस. पण माझ्यापुढे गेल्या वर्षी जी बाई आली, तिच्याकडे हीच होती. मला चारच मिनिटं हवीत, दादा. सायकल ती देत असेल तर मी रात्रपाळ्या काढीन. देत नसेल तर रजा टाकते. तू मोजून सांग. तुझ्याशिवाय मी कुणाचं ऐकणार नाही."

मला बरं वाटलं. ते लपवत नाही. दुकानात माझ्या शब्दाला किंमत आहे ती मालकाच्या धंद्याच्या आड येण्यापुरती. घरी बायको गणिताची शिक्षिका, तिच्यापुढे मी आकड्यांबद्दल तोंड उघडायची सोय नाही. चिमणी मात्र लहानपणी मी गरम आहे म्हणालो तर दूध पीत नसे आणि गार आहे म्हणालो तर पीत असे.

काचेतली विकायची होती, म्हणून कंपनीने एका दिवसासाठी तशीच दुसरी पाठवली. सोबत त्यांचा माणूसही आला, पांढरे बूट, हातात लेझरचं माप. दुपारी चारला त्यांची गाडी सायकल न्यायला येणार होती. शहराबाहेर जलाशयाला वळसा घालणारा आठ किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, मी सगळ्या चाचण्या तिथेच करतो. सकाळी नऊला चिमणीने तिच्या दहा वर्षं जुन्या सायकलीवर तीन फेऱ्या मारल्या. ताशी बत्तीस किलोमीटर. मग कंपनीच्या माणसाने तिला नव्या सायकलीवर बसवलं आणि दीड तास तिच्याभोवती फिरत राहिला. सीट पुढे सरकवली, पॅड जवळ आणले, पुढून थोडे उचलले, तिचं डोकं खांद्यांच्या मधे खाली बसवलं. माणूस बोलबच्चन असला तरी हात चांगला होता, मान्य करतो. पेडल बदलली, पुन्हा तीन फेऱ्या, तेवढाच जोर. ताशी बत्तीस पॉइंट नऊ. एकशे ऐंशी किलोमीटरला नऊ मिनिटांचा फरक.

आता पुढचं काम कुठलं, हे माझ्या सदराचा कुठलाही वाचक सांगेल. नवीची दहा मापं घ्यायची, ती जुनीवर उतरवायची आणि चिमणीला पुन्हा तीन फेऱ्या मारायला लावायच्या. मी मापं घेतली. पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ती जुनीच्या दांड्याला लावलीसुद्धा. मग सीटची दांडी सैल करायला गेलो, तर दहा वर्षांच्या घामाने ती फ्रेममध्ये पक्की धरलेली. तेल सोडायचं, वाट बघायची, पिरगाळायची, पुन्हा तेल. तासाभराचं काम होतं. दोन वाजले होते, म्हणजे वेळ होता. मी तेल सोडलं, आणि तेल मुरेपर्यंत म्हणून नवीवर टांग टाकली.

म्हटलं, एकच फेरी.

एकवीस वर्षं मी या सायकली जोडतोय, पुसतोय, त्यांना नावं ठेवतोय. त्यातली एकही माझी नाही आणि होणार नाही. रस्ता मोकळा होता. खालून फक्त टायरचा आवाज येत होता आणि चाकं आपण सांगण्याआधीच पुढे जात होती. माझं पोट मांड्यांना लागत होतं, मान अवघडली होती, आणि मी लहान पोरासारखा हसत होतो. एक फेरी झाली. दुसरी मारली. पाचवी कधी सुरू झाली ते कळलं नाही. परत आलो तेव्हा साडेतीन होत आले होते आणि कंपनीची गाडी अर्धा तास आधीच येऊन उभी होती.

चिमणी रस्त्याच्या कडेला उकडलेलं अंडं खात बसली होती. रात्रभर जागी होती, डोळे मिटत होते. माझ्या फेऱ्याही मोजणीचाच भाग असं ती धरून चालली होती.

"किती?" तिने विचारलं.

जुनीची दांडी अजून पक्कीच होती. मी तिला म्हणू शकलो असतो की काम अर्धं झालंय, उद्या पुन्हा ये. नवी सायकल आता लागणारही नव्हती, जुनीवरच तीन फेऱ्या मारायच्या होत्या. पण उद्या म्हटलं तर आज दीड तास काय केलं हे सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझी त्या सायकलीवर श्रद्धा बसली होती. मांड्या अजून थरथरत होत्या.

"नऊ मिनिटं," मी म्हणालो.

ती चघळायची थांबली. "नऊ? दादा, मला चारच हवी होती."

"घेऊन टाक."

नको-भाऊच्या तोंडून 'घे' आल्यावर कोण थांबतंय? चिमणीने त्याच आठवड्यात सहा वर्षांची पुंजी मोडली. रजेचा अर्ज तिने भरून ठेवला होता, तो माझ्यासमोर फाडला. मी सदरात लिहिलं, 'या वेळी निकाल वेगळा आहे', आणि नऊ मिनिटांचा आकडा ठळक छापला. क्लबातल्या तिघांनी ती सायकल मागवली, एक वकील, एक दंतवैद्य आणि एक निवृत्त वैमानिक. मालकाने एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "शेवटी वळलास बाबा." मला त्या हाताची किळस यायला हवी होती. आली नाही.

सायकल घेतल्याला बावीस दिवस झाले होते तेव्हा चिमणी ती दुकानात घेऊन आली. जोर लावला की खालून कुरकुर ऐकू येत होती. किरकोळ होतं, पण बेअरिंग मागवावं लागणार होतं, दोन दिवस लागणार होते. तिला सरावाला खाडा नको होता.

"मग जुनीच दे ना काढून. पण बसणं नवीसारखं कर हां, आता अंगाला तीच सवय लागलीय."

मी मागच्या खोलीत पडलेली जुनी काढली. दांडी सुटायला पाऊण तास लागला. मग चिकटपट्टीवरची दहा मापं एकेक करून उतरवली. पेडल लावली. दुसऱ्या दिवशी ती जलाशयाला जाऊन आली आणि सायकल दुकानात सोडून झोपायला गेली. जाताना म्हणाली, "आज वारा पडला होता बहुतेक. जुनी मस्त पळाली."

ती गेल्यावर मी आकडे उघडले. तोच रस्ता, तोच जोर, तीन फेऱ्या. ताशी बत्तीस पॉइंट सात.

वारा पडला नव्हता. मी दोन्ही दिवसांचा वारा तपासला, सारखाच होता. टायर तेच, हवा तीच. मी कागदावर गणित तीनदा केलं. नऊपैकी सात मिनिटं त्या जुन्या, ओरखडे पडलेल्या सायकलीवर फुकट मिळत होती. एक टेप, एक पाना आणि तासभर घाम. चारचाकीच्या किमतीची सायकल देत होती ती वरची दोन. चिमणीला चार हवी होती. तिला सातही मिळाली असती आणि तीन महिन्यांची झोपही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. मी मागच्या खोलीत स्टुलावर बसलो आणि समोर स्टँडला लटकलेल्या नव्या सायकलीकडे बघत राहिलो. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. कंपनी तीस दिवसांत माल परत घेते, पूर्ण पैसे देते. सात दिवस हातात होते. शर्यतीला अजून चौदा आठवडे होते, म्हणजे रजाही मिळाली असती.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "तो दीड तास तू काय करत होतास?" मी ते पण सांगितलं.

"मग फोन कर तिला."

"आत्ता ती कामावर निघाली असेल."

"मग सकाळी कर."

"करतो."

सकाळी केला नाही. चिमणी दुपारी आली तेव्हा बेअरिंग बसवून झालं होतं. तिने नव्या सायकलीच्या दांड्यावरून असा हात फिरवला, जसं कुणी तापातून उठलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवेल. म्हणाली, "दादा, कामावर सगळ्यांना सांगितलंय मी, माझ्या भावाने निवडून दिलीय." अशा वेळी तोंडातून शब्द निघत नाही असं लोक म्हणतात. माझे निघाले. मी म्हणालो, "चेनला तेल घालत जा."

रोज एक कारण सापडायचं. आता सांगून तिचं मन मोडेल, मन मोडलं तर शर्यत गेलीच. दोन मिनिटं का होईना, सायकल देतेच आहे. मग तो वकील, तो दंतवैद्य, तो वैमानिक, सगळे दारात येतील. मालक हसेल. यातलं एकही कारण खरं नव्हतं. खरं कारण इतकंच होतं की जगात एक माणूस मला न तपासता खरा मानत होता, आणि तेवढं मला सोडवत नव्हतं. बायकोने पाच दिवस रोज विचारलं, सांगितलंस का? सहाव्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो. त्यानंतर तिने विचारलं नाही. तिसावा दिवस गेला त्या दिवशी मी मूग गिळून दुकानात बसून लहान मुलांच्या तीन सायकलींची पंक्चरं काढली.

चिमणी रात्रपाळ्या करत राहिली. उन्हाळ्यात तिच्या विभागातल्या दोन नर्सा सोडून गेल्या, मग पाच रात्रींच्या सहा झाल्या. डोळ्यांखाली काळं आलं, वजन उतरलं. एकदा दुकानात उभ्या उभ्या बोलताना तिला डुलकी लागली. मी तिला कॉफी करून दिली. एवढंच केलं.

शर्यतीच्या दिवशी मी आणि बायको पहाटेच जाऊन बसलो. चिमणी पाण्यातून पाचवी निघाली. सायकलवर तिने एकेकीला मागे टाकलं. गेल्या वर्षीपेक्षा आठ मिनिटं कमी घेतली आणि वयोगटात पहिली येऊन उतरली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वैमानिकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "काय सायकल आहे, नको-भाऊ!" मी हसलो.

पळताना ती तिसाव्या किलोमीटरपर्यंत पुढे होती. गुडघ्याने दगा दिला नाही, हे तिने नंतर मुद्दाम सांगितलं. गुडघा ठीक होता. तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. चौतिसाव्या किलोमीटरला आम्ही दोरीपाशी उभे होतो, तिथे ती चालत आली. डोळे उघडे होते पण आम्ही दिसलो नाही. चार-पाच पावलं पळायची, पुन्हा चालायची. गेल्या वर्षीची ती बाई तिला ओलांडून गेली तेव्हा चिमणीने मान वळवूनही बघितलं नाही. शेवटी ती दुसरी आली. दीड मिनिटाने.

बायको रडली. मला रडता आलं नाही. मला तो अधिकारही नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी चिमणी आमच्याकडे जेवायला आली. सुट्टी होती, तेरा तास झोपून आली होती, चेहरा पुन्हा माणसात आला होता. गुडघ्याला पट्टा होता. पळणं संपलं हे तिने दारातच हसत सांगून टाकलं, म्हणजे आम्हाला विचारावं लागू नये.

जेवताना ती म्हणाली, "दादा, एक सांगते. सायकल उत्तम होती. तू म्हणाला होतास अगदी तशी. तुझी नऊ मिनिटं मला मिळाली, मीच ती घालवली. मी कमी पडले."

वर्षानुवर्षं रुग्णांचे हात धरणारी ही बाई, आठवड्याला सहा रात्री जागून बेचाळीस किलोमीटर पळाली होती, आणि कमी पडले म्हणत होती.

"तू नाही कमी पडलीस," मी म्हणालो. "मी चुकलो, चिमणे. मोजण्यात चुकलो."

मग सांगितलं. चाचणीच्या दिवशी जुनीवर बसणं जुळवलं नव्हतं, दांडी अडकली होती, नऊतली सात मिनिटं बसण्याची होती. मी स्वतः फेऱ्या मारत होतो हेही सांगितलं. ती हळूहळू जेवायची थांबली. बायको मान खाली घालून बसली होती.

"म्हणजे जुनीवरही मिळाली असती सात?"

"हो."

"आणि मग मी रजा..." तिने वाक्य सोडून दिलं. दोन्ही हात मांडीवर घेतले. डोळे भरले, ते तिने मनगटाने पुसले. मग नर्सच्या आवाजात, नीट, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुला कधी कळलं?"

बायकोने मान वर केली.

"परवा," मी म्हणालो. "जुनी विकायला काढली ना. साफ करताना दांड्यावरची चिकटपट्टी दिसली, म्हटलं आकडे बघावेत. तुझे त्या दिवशीचे आकडे होतेच, तू बेअरिंगच्या वेळी जुनी नेली होतीस ते. तेव्हा उघडलेच नव्हते. आता ताडून बघितले आणि लक्षात आलं." एवढं सरळ, एवढं तपशीलवार. खोटं बोलताना मी एकदाही अडखळलो नाही.

चिमणीने लांब श्वास सोडला. मग हात पुढे करून माझ्या हातावर ठेवला.

"नऊ वर्षांपूर्वी मी मशीनवर एका माणसाचा चुकीचा आकडा घातला होता," ती म्हणाली. "तुला कधी सांगितलं नाही. दहा मिनिटांनी ध्यानात आलं. तशीच धावत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, म्हणून तो वाचला. मला वाटलं नोकरी गेली. गेली नाही. आमच्याकडे चूक माफ असते, दादा. दडवलेली नसते." तिने माझा हात दाबला. "तुला परवा कळलं आणि आज तू स्वतःहून सांगतोयस. दुसरा कुणी असता तर जन्मभर बोलला नसता. वाईट वाटायचं ते वाटेल मला, खूप वाटेल. पण तुझ्यावर राग नाही. हो ना गं वहिनी, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं का?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता.

"नसतं सांगितलं," बायको म्हणाली. मग ती उठली आणि कुणाचंच जेवण झालेलं नसताना ताटल्या गोळा करू लागली.